चीनमधील शिआन शहरातील माझ्या शिक्षिकेस कृतज्ञतापूर्वक

आदरणीय लाओशी,
सादर प्रणाम.

आपण अध्यापनातून निवृत्त झाल्याचे वर्गातील एका मैत्रिणीने कळवले, तेव्हा आपले आभार मानण्याचे काम इतकी वर्षे राहून गेल्याची जाणीव मला प्रकर्षाने झाली. आपल्याला वाचता यावे म्हणून चिनी भाषेतील एक पत्र मी स्वतंत्रपणे पाठवले आहे. हे पत्र मात्र मी मुद्दाम मराठीत आणि उघडपणे लिहीत आहे, कारण आमच्याकडची अनेक मुले-मुली आता चिनी शिकण्यासाठी परदेशी जाऊ पाहतात आणि परक्या गावात एखादी शिक्षिका विद्यार्थ्यासाठी काय काय करू शकते, हे त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना कळावे असे मला मनापासून वाटते.

२०१८ च्या सप्टेंबरमध्ये मी शिआनला आले, तेव्हा पुण्यातील संध्याकाळच्या वर्गांत शिकलेली चिनी माझ्यापाशी होती. पण ती फक्त कागदावरची होती. वसतिगृहात आम्ही परदेशी विद्यार्थी आपापसांत इंग्रजीच बोलत असू, जेवणघरात पदार्थाच्या चित्राकडे बोट दाखवले की काम भागत असे, आणि शनिवार-रविवार मोबाइलवर घरच्यांशी बोलण्यात निघून जात. असे वर्ष काढूनही परीक्षा उत्तीर्ण होता येते आणि बरेच जण तसे होतातही. आपण हे पहिल्या काही आठवड्यांतच ओळखले आणि दर शुक्रवारी शेवटचा तास संपताना प्रत्येकाच्या हाती एक चिठ्ठी ठेवायला सुरुवात केली. चिठ्ठीवर एका ठिकाणाचे नाव आणि एकच प्रश्न असे. उत्तर मोबाइलवर शोधायचे नाही, त्या ठिकाणच्या माणसालाच विचारून आणायचे आणि सोमवारी सकाळी वर्गासमोर उभे राहून चिनीत सांगायचे, एवढा एकच नियम होता.

माझी पहिली चिठ्ठी ढोल मनोऱ्यामागच्या मुस्लीम वस्तीतील होती. यांगरौ पाओमो, म्हणजे मटणाच्या रश्शातली कुस्करलेली भाकरी, खाताना ती भाकरी कोण कुस्करतो आणि केवढी, हे मला विचारून यायचे होते. खानावळीत माझ्यापुढे एक मोठा रिकामा वाडगा आणि जाड, घट्ट भाजलेल्या दोन भाकऱ्या ठेवल्या गेल्या. आमटीत भाकरी कुस्करताना आम्ही करतो तसे मोठमोठे तुकडे मी वाडग्यात टाकू लागले, तेव्हा शेजारच्या टेबलावरील एका वृद्ध गृहस्थांनी हात पुढे करून मला थांबवले. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत भाकरीची कड धरून त्यांनी सोयाबीनच्या दाण्याएवढा एक तुकडा तोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तुकडा लहान असला की मटणाचा रस्सा त्यात आतपर्यंत मुरतो, आणि कुस्करलेला वाडगा पाहूनच आतल्या आचाऱ्याला समोरचा माणूस जाणकार आहे की नाही ते कळते, असे त्यांनी मला दोनदा सावकाश सांगितले. ते कुस्करणे बराच वेळ चालले आणि तेवढ्या वेळात त्या गृहस्थांशी जेवढे बोलणे झाले, तेवढे त्याआधीच्या सगळ्या दिवसांत मिळून झाले नव्हते. नंतर तो वाडगा आत गेला आणि रस्सा, मटण आणि पारदर्शक शेवया घालून गरमागरम परत आला. सोबत गोडसर मुरवलेला लसूण आणि मिरचीची चटणी होती. सोमवारी मी हे सांगत असताना आपण माझे चुकलेले स्वर, म्हणजे उच्चारातील चढउतार, फळ्यावर लिहीत गेलात, पण मला मध्येच तोडले नाहीत.

प्रश्न नेमका कोणता विचारायचा, याची आपली जाण विलक्षण होती. शिलालेखांच्या संग्रहालयाला आम्ही एरवीही भेट दिली असती, ७८१ मधील तो ख्रिस्ती शिलालेख आणि त्यावरील सिरियाक अक्षरे पाहिली असती, छायाचित्रे काढून परतलो असतो. आपल्या चिठ्ठीवर मात्र लिहिले होते की शिलालेखाचा ठसा घेणाऱ्या कारागिराला कागद दगडाला कशाने चिकटतो ते विचारा. त्यामुळे मी त्या कारागिराशेजारी उभी राहिले. त्याने ओलसर कागद दगडावर पसरला, ब्रशने ठोकून ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवला आणि कागद सुकत आल्यावर शाई लावलेली कापडी गादी हलक्या हाताने त्यावर आपटायला सुरुवात केली, तशी काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे एकेक करून उमटू लागली. बाइजी नावाच्या वनस्पतीच्या कंदाचे पाणी वापरतात, हे उत्तर त्यानेच दिले. ते नाव मला ऐकून कळेना, म्हणून त्याने शाईच्या बोटाने माझ्या वहीत ती दोन अक्षरे लिहून दिली. ती वही आजही माझ्यापाशी आहे.

चिनीत वस्तू मोजताना प्रत्येक जातीच्या वस्तूला वेगळे पद जोडावे लागते आणि ही पदे पाठ करताना आम्ही सगळेच रडकुंडीला येत असू. डोंगर, पूल आणि मनोरा या तिन्हींना एकच पद चालते, हे पुस्तकातील तक्त्यात माझ्या डोक्यात कधी बसले नव्हते. हुआशान डोंगरावर जाऊन आले, शहराच्या तटावर सायकल चालवली आणि दर सोमवारी या सगळ्याबद्दल बोलावे लागले, तेव्हा ते आपोआप जिभेवर आले. पाठ्यपुस्तके वाईट असतात असे मी म्हणणार नाही. परंतु भाषा शिकायला परदेशी जाणाऱ्याने सुटीचे दोन दिवस वसतिगृहात काढले, तर तिथे जाण्याचा निम्मा हेतू वाया जातो, हे माझे ठाम मत झाले आहे आणि ते आपल्यामुळे झाले आहे. ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुटीत मात्र आपण आम्हाला कुठेही जाऊ दिले नाही. त्या आठवड्यात सारा देश प्रवासाला निघतो आणि त्या गर्दीत तुमच्याशी बोलायला कोणालाही सवड नसते, हे आपले म्हणणे स्थानकाबाहेरील रांगा पाहिल्यावर आम्हाला पटले.

लुओयांग या जुन्या शहराचा प्रवास मला सविस्तर लिहिला पाहिजे. वेगवान गाडी दोन तासांच्या आत पोहोचवते, पण आपण आग्रहाने आम्हाला जाताना साध्या गाडीच्या बिनगादीच्या वर्गात बसायला सांगितले. तिथे माणसे समोरासमोर बसतात आणि वेळ भरपूर असतो. डब्याच्या टोकाला असलेल्या गरम पाण्याच्या नळावर प्रत्येकजण आपला थर्मास घेऊन जाऊन येत होता, नूडल्सच्या डब्यांचा वास सगळीकडे दरवळत होता आणि मी भारतातून आले आहे हे कळताच समोरच्या बाईंनी सोललेले संत्रे माझ्या हातात देऊन प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. आमच्याकडे पॅसेंजर गाडीत जे घडते, तेच तिथे घडत होते.

त्या रात्री आम्ही ठरवलेल्या लहानशा अतिथीगृहाने परदेशी पाहुण्यांची नोंद करण्याची सोय नसल्याचे सांगून आम्हाला खोली नाकारली. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, बाहेर थंडी होती आणि आम्हा तिघींचे सामान पायरीवर पडले होते. मी आपल्याला फोन केला. आपण आधी तिथल्या बाईंशी शांतपणे बोललात, मग स्थानकाजवळ परदेशी लोकांना ठेवून घेणारे हॉटेल शोधून तिथे स्वतः बोलून घेतलेत, आणि आमच्या हाती खोलीची किल्ली येईपर्यंत फोन चालू ठेवलात. पोलिसांकडची नोंद झाली का, हेही विचारायला आपण विसरला नाहीत. सोमवारी त्याबद्दल कोणालाही काही बोलू न देता आपण हॉटेलात खोली मागण्याचा धडा घेतलात आणि त्या रात्री आम्हाला न सुचलेले प्रत्येक वाक्य आमच्याकडून म्हणवून घेतलेत. माझ्या आईला मी हे सांगितले तेव्हा तिने आपले नाव घेऊन देवापुढे दिवा लावला होता. हे मी आपल्याला कधी कळवले नव्हते, ते आज कळवते.

दुसऱ्या दिवशी आम्ही लोंगमेनला गेलो. यी नदीच्या काठच्या कड्यात खोदलेली ती लेणी पाहताना सिल्लोडसारख्या गावात, अजिंठ्याच्या शेजारी वाढलेल्या मुलीला काय वाटले असेल, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. सम्राज्ञी वू झतियन हिने आपल्या सौंदर्यप्रसाधनांच्या खर्चातील वीस हजार नाण्यांच्या माळा ज्या कामासाठी दिल्या, ती ६७५ मध्ये पूर्ण झालेली वैरोचन बुद्धाची १७.१४ मीटर उंच मूर्ती पाहायला सगळेच जातात. आपली चिठ्ठी त्या मूर्तीबद्दल नव्हती. कोणत्याही एका लहान कोनाड्याखालचा लेख कोणाकडून तरी वाचून घ्या आणि ती मूर्ती कोणी, कोणासाठी कोरवली ते सांगा, असे तिच्यावर होते. नातवाला घेऊन आलेल्या एका आजोबांनी चष्मा पुसून, जुनी अक्षरे बोटाने हवेत गिरवत तो लेख मला वाचून दाखवला. कोणीतरी आपल्या दिवंगत आईवडिलांसाठी ती मूर्ती करवून घेतली होती. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट या प्राचीन गावच्या दात्यांची नावे आहेत, हे मी शाळेच्या सहलीत ऐकले होते. पण तिथले लेख कोणाकडून वाचून घ्यावेत असे मला तेव्हा सुचले नव्हते.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही श्वेताश्व मंदिर पाहिले. भारतातून आलेले बौद्ध भिक्षू काश्यप मातंग आणि धर्मरत्न यांच्या समाध्या तिथे आवारातच आहेत, आणि २०१० मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी उद्घाटन केलेले, सांचीच्या स्तूपाच्या धर्तीवरील भारतीय शैलीचे मंदिरही आहे. त्या आमच्या शेजारच्या खानदेशच्या, हे मी तेथील तिकीट तपासणाऱ्या मुलीला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले.

युआन श्वांग (ह्युएन त्संग) या सातव्या शतकातील चिनी बौद्ध यात्रेकरूबद्दल आपण आम्हाला जे दिले, त्याचे मोल मला सांगता येणार नाही. ६४५ मध्ये तो भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन छांगआनला, म्हणजे आजच्या शिआनला परतला आणि ६५२ मध्ये उभ्या राहिलेल्या हंस मनोऱ्याशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले, एवढे कोणीही वाटाड्या सांगतो. आपण आम्हाला शहराच्या दक्षिणेकडील उंचवट्यावर असलेल्या शिंगज्याव मंदिरात पाठवलेत, जिथे त्याच्या अस्थींवर पाच मजली विटांचा स्तूप आहे आणि दोन्ही बाजूंना त्याच्या दोन शिष्यांचे लहान स्तूप आहेत. त्यांपैकी एक शिष्य युआनत्स हा कोरियातील सिल्ला राज्यातून आलेला होता. आपण माझी आणि आमच्या कोरियन वर्गमैत्रिणीची जोडी लावून एकच चिठ्ठी दोघींना दिली होती. आम्ही दोघी त्या तीन स्तूपांपुढे उभ्या राहिलो, तेव्हा आपण ही जोडी विचारपूर्वक लावली होती हे आमच्या लक्षात आले.

त्यानंतरच्या आठवड्यात आपण त्याच्या प्रवासवर्णनातील महाराष्ट्रावरचा भाग सोप्या, आजच्या चिनीत लिहून आणलात आणि मला वर्गात मोठ्याने वाचायला लावलात. दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यातील हे लोक सरळ आणि प्रामाणिक आहेत, उपकार करणाऱ्याची ते जाण ठेवतात, अपमानाचा बदला घेतल्याशिवाय राहत नाहीत आणि संकटात कोणी हाक मारली तर स्वतःला विसरून धावतात, असे त्याने लिहिले आहे. हे वर्णन मी शाळेत वाचले होते. ज्या भाषेत ते मुळात लिहिले गेले, त्या भाषेत, ते जिथे लिहिले गेले त्या शहरात, वेगवेगळ्या देशांतून आलेल्या मुलांसमोर ते वाचताना माझा आवाज दाटून आला होता आणि आपण शेवटचे वाक्य माझ्यासोबत वाचलेत.

निरोपाच्या वेळी आपण दिलेली चिठ्ठी महाराष्ट्रातील होती. डोंगरात कोरलेल्या एका विहाराच्या दारापाशी दोन बाजूंना दगडी हत्ती असल्याचे युआन श्वांग सांगतो, ते आज आहेत का, एवढेच तिच्यावर विचारले होते. मी घरी परतल्यावर अजिंठ्याला गेले. लहानपणापासून अनेकदा गेलेली असूनही या वेळी मी तिथल्या एका जुन्या कर्मचाऱ्याला विचारले आणि ते मला १६ व्या लेण्याकडे चढणाऱ्या पायऱ्यांपाशी घेऊन गेले. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना हत्ती आहेत. झिजले आहेत, पण आहेत. युआन श्वांगने उल्लेखलेले हत्ती हेच असावेत, असे अभ्यासक मानतात.

आता आपल्याला सवड मिळाली आहे, तर आमच्याकडे अवश्य या, ही माझी आणि माझ्या घरच्या सर्वांची विनंती आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात इथली हवा आपल्याला मानवेल. जळगाव स्थानकापासून अजिंठा साधारण ६० किलोमीटरवर आहे आणि लेणी सोमवारी बंद असतात, म्हणून मंगळवारी निघू. स्थानकावर घ्यायला मी स्वतः येईन, आणि आपला मुक्काम आमच्या घरीच असेल.

आपली विद्यार्थिनी