वाया गेलेली प्रार्थना

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री तू प्रार्थनेने रुग्ण बरे होतात का हे तपासणारा तो शोधनिबंध पाठवलास आणि खाली दोनच शब्द लिहिलेस, "बाबा, वाच." पुढे एक डोळा मिचकावणारा चेहरा. वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाचताना मी त्यात नुसत्या पळवाटा शोधत होतो, हे माझं मलाच कळलं. मग फोनवर तू विचारलंस, "मी आजारी होते तेव्हा तू नक्की काय मागत होतास?" आणि मी फोन आईकडे दिला. त्या रात्रींना आता चौदा वर्षं होतील. तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून लिहितो आहे.

आधी तुझा निबंध. 2006 साली छापून आलेला. बायपास शस्त्रक्रियेचे 1802 रुग्ण, अमेरिकेतली सहा रुग्णालयं, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. प्रत्यक्षात एकासाठी झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटाला मात्र ठामपणे सांगितलं की होणार आहे, आणि झालीही. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत पहिल्या गटात 52 टक्के, दुसऱ्यात 51 टक्के आणि आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं त्या तिसऱ्या गटात 59 टक्के! तुला हसू आलं असणार. मलाही आलं. 'इतकं वाईट आहे का माझं, की प्रार्थनेला माणसं बसवावी लागली?' या धसक्यानेच काहींचं बिनसलं असेल. किंवा तो आकड्यांचा निव्वळ योगायोगही असेल.

माझ्या पळवाटाही ऐकून घे. प्रार्थना करणाऱ्या अनोळखी मंडळींना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर एवढंच दिलं होतं. देवाला पोस्टमनइतकी तरी जाण असेल असं धरून चालू. पण ज्या गटासाठी 'प्रार्थना झाली नाही', त्यांच्या बायकामुलांनी त्या रात्री हात जोडले नसतील का? त्यांना कोण अडवणार? मग प्रार्थना नसलेला गट आणायचा कुठून?

तरी ही पळवाटच आहे, मान्य. निबंध प्रामाणिक आहे. आणि असा हा पहिलाच प्रयत्न नव्हे. 1872 मध्ये फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने असाच हिशेब मांडला होता. राजांच्या दीर्घायुष्यासाठी अख्खा देश नेमाने प्रार्थना करतो, मग राजे जास्त जगतात का? त्याच्या तक्त्यात सुखवस्तू लोकांमध्ये सर्वांत कमी जगणारे राजेच निघाले. प्रार्थना मोजायला गेलं की ती हरते, हे मी आता धरूनच चालतो.

गंमत म्हणजे चमत्कार मोजण्यात सर्वांत कंजूष कोण, तर स्वतः चर्च. फ्रान्समधल्या लूर्दला 1858 साली चौदा वर्षांच्या एका मुलीला मेरीमातेचं दर्शन झालं, असं सांगतात. तेव्हापासून तिथे लाखो रुग्ण जातात. आम्ही बरे झालो असं सांगणाऱ्या हजारो लोकांच्या नोंदी तिथल्या वैद्यकीय कचेरीत आहेत. आजार खरोखर गंभीर होता का, तो एकाएकी गेला का, पूर्ण गेला का, परत उलटला नाही ना, औषधाने गेला असं म्हणता येतं का, हे सगळं डॉक्टर वर्षानुवर्षं तपासतात. 2018 पर्यंत चमत्कार म्हणून मान्य झालेली प्रकरणं फक्त 70. तुझी आजी एका वर्षात याहून जास्त मान्य करते.

2018 म्हटल्यावर थायलंडची ती गुहा आठवते ना? तू तेरा वर्षांची होतीस, रोज सकाळी उठून पहिलं विचारायचीस, "सापडले का?" फुटबॉल खेळणारी बारा मुलं आणि त्यांचा पंचवीस वर्षांचा प्रशिक्षक 23 जूनला आत गेले आणि पावसाचं पाणी मागून शिरलं. गुहेबाहेर आईबाप प्रार्थना करत होते, भिक्षू मंत्र म्हणत होते. आत तो प्रशिक्षक, जो पूर्वी भिक्षू होता, मुलांना ध्यानाला बसवत होता. त्यांच्यातला चौदा वर्षांचा अदुल ख्रिस्ती होता. 2 जुलैला पाणबुडे त्यांच्यापर्यंत पोचले, तेव्हा इंग्रजीत त्यांच्याशी बोलला तो हाच. मग मुलांना गुंगीचं औषध देऊन, बेशुद्धावस्थेत, पाण्याखालून एकेक करून बाहेर काढलं. ज्या डॉक्टरने ते औषध दिलं, त्याला स्वतःलाच ही युक्ती साधेल अशी आशा नव्हती. तेराच्या तेरा जिवंत आले. जगभर एकच शब्द झाला, चमत्कार.

त्या दिवशी तू टाळ्या वाजवल्यास, आणि मी उठून गॅलरीत गेलो. तू विचारलंस काय झालं, मी म्हणालो डोळ्यात कचरा गेला. मला समन कुनान आठवत होता. निवृत्त नौसैनिक, मदतीला आपणहून आलेला. गुहेत प्राणवायूच्या टाक्या ठेवून परतताना 6 जुलैला गेला. त्याच्याही घरी कोणीतरी हात जोडून बसलेलं असेलच की. पुढे त्याच्या स्मरणार्थ अकरा मुलं काही दिवस श्रामणेर, म्हणजे शिकाऊ बौद्ध भिक्षू, झाली; अदुल ख्रिस्ती, म्हणून तो झाला नाही. चमत्काराची किंमत कोणी दुसऱ्याने मोजली आहे, हे त्या मुलांना कळलं होतं. मोठी माणसं ते विसरतात. मी विसरलो नव्हतो, पण ते माझ्या शहाणपणामुळे नव्हे.

आता त्या रात्री.

तू सहा वर्षांची. मेंदूज्वर. आयसीयूच्या बाहेर एक लांब बाक होता आणि त्यावर रात्री आम्ही दोघेच असायचो, मी आणि एक गृहस्थ. त्यांचा आठ वर्षांचा मुलगा तुझ्या शेजारच्या कॉटवर होता. दुखणं तेच. त्यांच्या हातात तसबीह, म्हणजे मुसलमानांची जपमाळ, माझ्या हातात काहीच नाही, कारण मला धड एक स्तोत्रही पाठ नव्हतं. दुसऱ्या रात्री ते म्हणाले, "दुआ वाया जात नाही. मागितलेलं मिळतं, नाहीतर त्याऐवजी दुसरं एखादं संकट टळतं, नाहीतर परलोकात आपल्या नावावर जमा राहतं." मला ते विमा विकणाऱ्याच्या बोलण्यासारखं वाटलं. कुठूनही हरणं म्हणून नाहीच! पुढे कळलं की हे त्यांच्या मनचं नव्हतं, हदीसमध्येच, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतच, तसं आहे.

तिसऱ्या दिवशी तुमची दोघांची लघवी अडली. मूत्रपिंडं दगा देतात की काय, अशी धास्ती. संध्याकाळी नर्स दार उघडून म्हणाली, "दोघांनाही झाली." आम्ही दोन बाप्ये एकमेकांचे हात धरून हसत होतो आणि रडतही होतो, कशासाठी तर मुलांच्या लघवीसाठी. तू तोंड वाकडं करशील, पण ज्यू धर्मात शौचाहून आल्यावर म्हणायची एक प्रार्थना आहे. शरीरात छिद्रं आणि पोकळ्या केल्यास, त्यातलं एखादं फुटलं किंवा बुजलं तर आम्ही क्षणभरही टिकणार नाही, अशा अर्थाची. त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत 'दररोज आमच्यासोबत असणाऱ्या तुझ्या चमत्कारांबद्दल' आभारही येतात. मी हे वाचलं तेव्हा हसलो नाही. ती लघवीची पिशवी मी पाहिलेली होती.

पसायदानात मागणाऱ्याने स्वतःसाठी वेगळं असं काही मागितलेलं नाही. शिखांची अरदास 'सरबत दा भला' म्हणत संपते, सगळ्यांचं भलं होवो. जैनांच्या णमोकार मंत्रात तर मागणंच नाही, नुसता नमस्कार. यातलं एकही त्या बाकावर मला सुचलं नाही. माझं मागणं सौदा करणाऱ्याचं होतं. हे दे, मी ते सोडतो. गीतेत भक्तांचे चार प्रकार सांगताना आर्तालाही, म्हणजे संकटात सापडून धावा करणाऱ्यालाही, सुकृती म्हटलं आहे, एवढाच काय तो दिलासा. पण तू विचारलंस ते हे नव्हे.

सहाव्या रात्री, तीनच्या सुमाराला, आतून धावपळ ऐकू आली. चपलांचे आवाज, ट्रॉली, कोणीतरी मोठ्याने डॉक्टरांना हाक मारली. दार बंद. काचेतून फक्त पाठी दिसत होत्या, दोन कॉटांच्या मधे उभ्या. आम्ही दोघेही उठून उभे राहिलो. कोणाच्या कॉटशी चाललंय ते कळेना. आणि मी मागितलं, "माझी नसो."

मुक्ता, आत दोनच मुलं होती.

ज्यूंचा मिश्ना नावाचा ग्रंथ आहे, इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेला. वाया गेलेली प्रार्थना कोणती, ते त्यात सांगितलं आहे. माणूस प्रवासाहून परततो आहे, गावात शिरताना त्याला आरडाओरडा ऐकू येतो आणि तो म्हणतो, 'हा माझ्या घरचा नसो.' ही वाया गेलेली प्रार्थना. कारण व्हायचं ते होऊन गेलेलं आहे, ज्याच्या घरी व्हायचं त्याच्या घरी. हे मी बऱ्याच वर्षांनी वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. नियम त्यात आहे, कारण आहे. पण 'माझं घर नसो' म्हणजे 'दुसऱ्याचं असो', हे तिथे लिहिलेलं नाही. ते ज्याचं त्याला कळतं.

बुद्धांनी एका गावप्रमुखाला विचारलं होतं, खोल डोहात धोंडा टाकला आणि काठावर जमून लोकांनी 'धोंड्या, वर ये' अशी कितीही प्रार्थना केली, तर तो वर येईल का? ते बोलले माणसाच्या कर्मांबद्दल, आजाराबद्दल नव्हे. तरी त्या रात्रीनंतर मला तो डोह दिसतो. आम्ही दोघेही काठावर उभे होतो, दोघेही हाक मारत होतो. येशूनेही गेथशेमनेच्या बागेत मागितलं होतं, हा प्याला माझ्यापासून टळो. टळला नाही. पण त्याने पुढे 'माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे' असं जोडलं होतं. मी काहीच जोडलं नव्हतं.

दार उघडलं आणि नर्सने त्यांना आत बोलावलं.

तू नवव्या दिवशी डोळे उघडलेस. आजी आलेल्या-गेलेल्याला सांगायची, देवाने पोर परत दिली. अजूनही सांगते. तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही, तिचा नवस होता आणि तो तिने अनवाणी फेडला. पण ती ते सांगायला लागली की मी पाणी प्यायला आत जातो, हे तुझ्या लक्षात आलं असेल. देवाने परत दिली म्हटलं, की दुसऱ्या कॉटवरचं काय, हे लगेच विचारावं लागतं. आणि त्या बाकावर माझ्याहून कितीतरी जास्त श्रद्धा असलेला माणूस बसला होता.

तुला वॉर्डात हलवल्यावर दोन दिवसांनी ते कसल्याशा कागदांसाठी परत आले. मी बाकाशीच उभा होतो. पळून जावंसं वाटलं. त्यांनीच येऊन विचारलं, "मुलगी कशी आहे?" मी सांगितलं, डोळे उघडले, पाणी मागितलं. ते "अल्हम्दुलिल्लाह" म्हणाले आणि तिथेच उभ्याउभ्या दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. मग म्हणाले, "मी रोज तिचंही नाव घ्यायचो. दोघांचं बरोबरच."

मी काय मागितलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. तुझ्या आईलाही आजवर सांगितलेलं नाही.

त्यांची दुआ निम्मी फळली असं म्हणू? म्हणवत नाही. तू अँटिबायोटिकने वाचलीस, तुझा आजार थोडा आधी हाती लागला होता, हे डॉक्टरांनी मला सांगितलं आहे आणि ते मला पटतं. तरीही माझ्या हिशेबात एक गोष्ट बसत नाही, ती हीच की स्वतःचं मूल मरणाच्या दारात असताना त्या माणसाला शेजारच्या पोरीचं नाव आठवत होतं. लूर्दचे डॉक्टर हे काही तपासणार नाहीत.

त्या मुलाचं नाव इथे लिहीत नाही, भेटल्यावर सांगेन. रोज रात्री तुझ्या नावानंतर मी ते घेतो. व्हायचं ते होऊन चौदा वर्षं झाली, म्हणजे मिश्नाच्या नियमाने ही प्रार्थना वायाच. त्यांच्या हदीसप्रमाणे कदाचित नसेल. तुझ्या निबंधात तिला रकानाच नाही.

आई विचारते आहे, परीक्षा संपल्यावर नक्की कोणत्या तारखेला येतेस. आणि पत्र वाचून झालं की तिला लगेच फोन करू नकोस, आधी मला कर.

तुझा,
बाबा