गच्चीचे पाणी रस्त्यावर कशाला?

महोदय,

जोराचा पाऊस झाला की नाशिकच्या इंदिरानगर, पाथर्डी फाटा भागातल्या कॉलन्यांचे रस्ते तुंबतात आणि खापर गटारसफाईवर फुटते. सफाई हवीच, पण गच्च्यांचे पाइप पेव्हर ब्लॉकवरून थेट रस्त्यावर सोडलेले असतात, त्याचे काय? १०० चौरस मीटर गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे अडीच हजार लिटर पाणी. १० चौरस मीटरचा खोलगट वाफा, म्हणजेच पर्जन्यबाग, ते जवळजवळ सगळे जिरवते. वरच्या १५ सेंटिमीटर खोलगटात दीड हजार लिटर साचते, उरलेले खालच्या ४५ सेंटिमीटर भुसभुशीत थरात मावते.

नाशकात घोडे अडते ते काळ्या मातीपाशी. उन्हाळ्यात तिला भेगा असतात. चाचणीसाठी फूटभर खड्डा करून पाणी ओतले की ते भेगांतून झर्रकन जाते आणि जागा उत्तम वाटते. पावसात माती फुगून भेगा मिटल्या की वाफ्याचे डबके होते! म्हणून खड्डा आदल्या दिवशी दोनदा भरून मुरू द्यावा, मगच पट्टी लावून मोजावे. पाणी ताशी सव्वा सेंटिमीटर तरी उतरले पाहिजे. जवळ मुरूम लागत असेल तर तिथपर्यंत खणावे. नसेल तर तळाच्या खडीत छिद्रे पाडलेला चार इंची पाइप टाकून तो पावसाळी गटाराला जोडावा. वाफ्यात जेसीबी मात्र उतरवू नये, तळ दाबला गेला की सगळा खर्च वाया.

भरावात निम्मी वाळू, पाचवा हिस्सा कुजलेले कंपोस्ट, बाकी पोयटा. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) न धुता टाकली तर तिच्यातली भुकटी पाण्याच्या वाटा बुजवते. पाइपाच्या तोंडाशी गोटे रचावेत आणि जादा पाण्यासाठी काठाला खाच ठेवावी. इमारतीच्या पायापासून तीन मीटर अंतर हवे. छोट्या बंगल्यांच्या साइड मार्जिनमध्ये, म्हणजे बाजूच्या मोकळ्या पट्टीत, ते मिळत नाही. तिथे हट्ट नको, कॉलनीच्या ओपन स्पेसचा कोपरा बरा.

झाडे पाणीही सोसणारी आणि पुढचे कोरडे महिनेही काढणारी हवीत: मध्ये वाळा, कडेला निर्गुडी, अडुळसा. अळू नको, उन्हाळ्यात ते पाणी मागत बसते. डासांची भीती अनेकांना वाटते; पण अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो आणि चांगला वाफा एक-दोन दिवसांत कोरडा होतो. दरवर्षी मृगाआधी वरचा गाळ खरवडला नाही, तर मात्र ती भीती खरी ठरेल.

याने गोदेचा पूर अडणार नाही. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढल्यावर पुराची खूण मानला जाणारा नदीतला दुतोंड्या मारुती किती बुडतो, तो हिशेबच निराळा. पण महापालिकेने ओपन स्पेसमध्ये सरसकट पेव्हर ब्लॉक बसवणे थांबवावे, आणि जिथे बसवायचेच तिथे उतार रस्त्याकडे न देता बागेकडे द्यावा. एस्टिमेटमध्ये एवढा बदल करायला वेगळा निधी लागू नये.

– एक वाचक, नाशिक