केसरबाईंच्या शेजारणीच्या गावाहून

स्मोल्यान, बल्गेरिया
रविवार, २८ सप्टेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शि. सा. न. वि. वि.

घटातलं धान आता चांगलं बोटभर वर आलं असेल. आई, उपवास झेपतील तेवढेच कर.

शनिवार-रविवारला दोन दिवसांची रजा जोडून मी सोफियाहून इकडे डोंगरात आले आहे. फोनवर मी नुसतं "पोचले, सगळं ठीक आहे" एवढंच म्हटलं, कारण जे सांगायचंय ते फोनवर सांगून झालं नसतं. बाबा, हे पत्र मुख्यतः तुमच्यासाठी आहे. पण आई आधी "जेवलीस का" हेच विचारणार, म्हणून तिचं आधी.

स्मोल्यान हे रोडोपी डोंगरातलं छोटं शहर. उंची साधारण हजार मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी कमी, पण गारवा त्याहून कितीतरी जास्त. प्लोवदिवपासून गाडी नदीच्या काठाकाठाने चढत राहते, बाचकोवोचा जुना मठ मागे पडतो, चेपेलारे लागतं आणि पुढे घाट. दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडांची इतकी दाट भिंत की दुपारी तीन वाजता रस्त्यावर सावली होती. शहर मात्र गोल वसलेलं नाही. नदीच्या खोऱ्यात लांबच लांब पसरलंय, कारण मुळात ही तीन गावं होती: स्मोल्यान, रायकोवो आणि उस्तोवो. १९६० साली ती जोडून एक शहर केलं. त्यामुळे लोक अजूनही "मी रायकोवोची", "तो उस्तोवोचा" असंच सांगतात.

नदीचं नाव चेर्ना. चेर्ना म्हणजे काळी. उस्तोवोला तिला ब्याला येऊन मिळते, ब्याला म्हणजे पांढरी. मी त्या संगमावर उभी राहिले तेव्हा आपला कृष्णा-वेण्णेचा माहुलीचा संगमच आठवला. भाषेचे अभ्यासक सांगतात की आपला 'कृष्ण' आणि यांचा 'चेर्न' हे एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत. म्हणजे ही यांची कृष्णाच झाली की! मी वाकून पाण्याला हात लावला आणि डोळ्यांना लावला. शेजारी एक गृहस्थ गळ टाकून बसले होते, त्यांनी काही न विचारता टोपी जरा उचलली.

मी उतरलेय ते एका आजींच्या घरी. वरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. गंमत म्हणजे इथे आजीला 'बाबा' म्हणतात! दिवसभर त्यांना बाबा म्हणून हाक मारताना मला दर वेळी घर आठवतं. त्यांची नात प्लोवदिवला नोकरी करते, शनिवार-रविवार येते. आमच्यात दुभाषी तीच. ती नसते तेव्हा आम्ही दोघी हातवाऱ्यांवर भागवतो, आणि त्यात एक घोटाळा आहे. इथे "हो" म्हणताना मान आडवी हलवतात आणि "नाही"ला वर उचलतात. पहिल्या संध्याकाळी आजी "अजून वाढू का?" म्हणत होत्या, मी मान डोलावत होते, आणि त्या भांडं उचलून आत नेत होत्या.

आई, आता तुझं. इथला खास पदार्थ पाततनिक. बटाटे किसायचे, पाणी घट्ट पिळून काढायचं, त्यात कांदा, मीठ, अंडं, इथलं खारट पांढरं चीज आणि पुदिन्याच्या जातीचा एक पाला घालायचा. त्याला इकडे ग्योझूम म्हणतात. मग जाड बुडाच्या पसरट भांड्यात मंद आचेवर ठेवायचं. त्या भांड्याला हे लोक 'तावा' म्हणतात, बरं का. तुर्कांच्या राज्यात फारसी-तुर्की शब्द इकडेही आले आणि तिकडे आपल्याकडेही आले. साबणाला सापून, पडद्याला पेर्दे, हमालाला हमालच. तर, एक बाजू खरपूस झाली की आजी भांड्यावर झाकण उपडं घालतात, दोन्ही हातांनी धरून एका झटक्यात उलटतात, आणि भाजलेली बाजू वर ठेवून चकती परत हलकेच आत सरकवतात. तू मोठं थालीपीठ ताटलीवर घेऊन उलटतेस ना, अगदी तसंच. सोबत दही.

दह्याचं सांगायलाच हवं. आजी दूध तापवून निववतात आणि मग करंगळी बुडवून तीनपर्यंत मोजतात. तेवढा वेळ बोट आत सोसलं की विरजण घालायचं, भांडं गोधडीत गुंडाळून ठेवायचं. तू पण करंगळीच बुडवतेस, फक्त मोजत नाहीस. ज्या जिवाणूमुळे हे दही लागतं तो १९०५ साली स्तामेन ग्रिगोरोव या तरुण बल्गेरियन डॉक्टरने जिनीव्हात शोधून काढला, आणि त्या जिवाणूच्या नावातच बल्गेरिया आहे. इथे कोणालाही दह्याबद्दल विचारा, हे नाव छाती फुगवून सांगतात. मला ते फार आवडतं. दह्यासाठी अभिमान वाटावा इतकं चांगलं दही आहे ते.

आणि घेवडा! जवळच स्मिल्यान म्हणून गाव आहे, तिथला घेवडा देशभर नावाजलेला. आजींच्या अंगणात सध्या चादरीवर वाळत घातलाय. एक जात मोठी, जांभळट काळी, ठिपक्यांची. दुसरी बारीक, तपकिरी, तिच्यावर काळ्या रेघा. ती मी मूठभर उचलली आणि बघतच राहिले. आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडाच जणू, रंग तेवढा वेगळा. आजींना मी फोनवर वाघ्या घेवड्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून घेतला, आणि पहिला प्रश्न विचारला, "रात्रभर भिजवता ना?" मी हो म्हटलं, यावेळी बरोबर मान हलवून.

शुक्रवारी धबधबे बघायला गेले. शहराला लागूनच सोस्कोवचेतोचं राखीव जंगल आहे, त्यातून पायवाट काढलीय, लाकडी पूल टाकलेत. चाळीसहून जास्त लहानमोठे धबधबे आहेत म्हणे. मी सगळे पाहिले नाहीत, वाटेत पाऊस आला. सर्वांत उंच तो ऑर्फियसचा, ६८ मीटर. आता पावसाळ्यातल्या ठोसेघरसारखा कोसळत नव्हता, काळ्या कड्यावरून पांढरी दोरी सोडावी तसा होता. पण वास! भिजलेल्या झाडांचा, डिंकाचा, कुजलेल्या पानांचा. ऑर्फियस म्हणजे ज्याच्या गाण्याने झाडं आणि दगडसुद्धा हलत, तो. तो आमच्याच डोंगरातला, असं इथले लोक मानतात. शनिवारी संध्याकाळी जे ऐकलं त्यानंतर मीही मानते.

बाबा, आता तुमचं.

शनिवारी आजींच्या गल्लीतले एक काका गाईदा घेऊन आले. गाईदा म्हणजे कातड्याच्या पिशवीचं वाद्य, आणि रोडोपीतली ती काबा गाईदा, सगळ्यांत मोठी आणि खर्जातली. करडाचं अख्खं कातडं असतं, पाय आणि मान होती तिथे नळ्या बसवलेल्या. काकांनी आधी बोरूसारखी पत्ती जिभेने ओली केली, पिशवीत हवा भरली, कोपराने दाबली, आणि एक सूर सुरू झाला. लांब नळीतून निघणारा तो खालचा सूर शेवटपर्यंत थांबत नाही, श्वास घ्यायलासुद्धा. सनईवाल्याच्या शेजारी बसून एकजण नुसता सूर धरतो ना, तसा. इथे धुनही आणि सूरही एकाच माणसाच्या काखेत. मला पोटात कुठेतरी थरथरल्यासारखं झालं.

मग आजी गायल्या. बसल्या जागी, मांडीवरचा घेवडा निवडता निवडता. या गाण्यांना ताल नाही. एकेक शब्द लांबवत, वळवत न्यायचा. तुम्ही आलाप ऐकताना डोळे मिटता, तसे काकांनी मिटले. गाणं देल्यो नावाच्या बंडखोराचं. तो तुर्की अंमलाविरुद्ध डोंगरात शिरलेला. हा भाग १९१२ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होता, उरलेल्या देशाहून कितीतरी जास्त काळ. देल्यो खालच्या गावच्या अधिकाऱ्याला बजावतो, की माझ्या दोन लेल्या गावात आहेत, त्यांना बाटवू नका, नाहीतर मी परत उतरलो तर पुष्कळ आया रडतील. मी नातीला विचारलं, लेल्या म्हणजे आत्या की मावशी? ती म्हणाली, दोन्हींना एकच शब्द.

गाणं संपलं तशी नात म्हणाली, "हे गाणं आकाशात गेलंय, माहितीये?" बाबा, माझ्या अंगावर काटा आला. कारण मला माहीत होतं, पण आजींच्या तोंडून जे ऐकत होते ते *तेच* हे डोक्यात आलंच नव्हतं. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात जगभरातले २७ सांगीतिक तुकडे आहेत, आणि त्यांतलं एक हे देल्योचं गाणं. गायलंय वाल्या बाल्कान्स्का यांनी. त्या इथल्याच, स्मोल्यानजवळच्या अर्दा गावात १९४२ साली जन्मलेल्या. आणि त्याच तबकडीवर भारतातलं गाणं एकच आहे. तुमच्या केसरबाई केरकरांचं.

मी आजींना म्हटलं, आमचंही एक आहे. फोनवर केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो', लावली. ती साडेतीन मिनिटं अंगणात कोणी हललं नाही. काकांनी गाईदा मांडीवर आडवी ठेवली होती, तिच्यातली उरलेली हवा हळूहळू जात होती. पहिली तान आली तेव्हा आजींचे हात घेवड्यात तसेच राहिले. संपल्यावर त्यांनी परत लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा काकांनी फोन कानाशी नेला. ते म्हणाले (नातीने सांगितलं), "ही बाई श्वास कुठे घेते?" बाबा, तुम्ही हाच प्रश्न मला मी दहा वर्षांची असताना विचारला होता आणि मला उत्तर आलं नव्हतं. मला अजूनही येत नाही. तुम्ही सांगा, म्हणजे मी काकांना कळवीन.

मग मी सांगितलं जेवढं तुमच्याकडून ऐकलंय तेवढं. गोव्यातल्या केरी गावच्या. जन्म १८९२. अल्लादिया खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं तालीम. रेकॉर्ड फारशा करायच्या नाहीत, गाणं समोर बसून ऐकावं असं मानणाऱ्या. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत गेल्या. अकरा दिवसांचं अंतर. आजी हे ऐकून कितीतरी वेळ गप्प होत्या. मग त्यांनी शब्दांचा अर्थ विचारला. मी म्हटलं, "कुठे निघालीस?" त्यांनी नातीकडे पाहिलं. ती उद्या परत प्लोवदिवला जाणार होती. त्यांच्या गल्लीत नऊ घरं आहेत, त्यांतल्या पाचांना कुलूप. पोरं सोफियाला, जर्मनीला, इंग्लंडला. त्या काही बोलल्या नाहीत, नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोच हात माझ्याही डोक्यावरून फिरवला.

रात्री मला झोप आली नाही. पांघरायला लोकरीचं जाड हालिश्ते होतं, आपल्या घोंगडीपेक्षा लांब केसांचं, तितकंच टोचणारं. बाहेर कुठेतरी मेंढ्यांच्या घंटा वाजत होत्या. इथले मेंढपाळ घंटा सुरात जुळवून घेतात, कळप चालला की आवाज एकमेकांत मिसळला पाहिजे म्हणून. त्या ऐकत मी विचार करत होते की यान आता सूर्यापासून सुमारे अडीच हजार कोटी किलोमीटरवर आहे, आणि कोरेगावच्या आपल्या माडीवर जी भैरवी लागते ती आणि या अंगणातलं गाणं एकाच तबकडीवर शेजारी शेजारी बसून चाललंय. तुम्ही इथे असायला हवे होतात. खरंच हवे होतात.

आता काही कामाचं. बाबा, ती जुनी भैरवीची रेकॉर्ड अजून वाजते ना? दिवाळीच्या पाडव्याला मी परत इथे येणार आहे, आजींनी तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात पेनाने गोल करून ठेवलीय. काकाही येतील. त्यांना ती फोनमधली नाही, सुईखालची ऐकायची आहे. मी सकाळी इथून फोन लावीन, तुम्ही फक्त रिसीव्हर कर्ण्याजवळ धरा. तोपर्यंत सुई बदलून घ्या, सातारच्या त्या दुकानात मिळाली तर. आणि आई, वाघ्या घेवड्याच्या आमटीत तू गूळ किती आणि आमसूल किती घालतेस ते मापाने लिही. "अंदाजाने" लिहू नकोस, आजींना नात वाचून दाखवणार आहे.

दादा-वहिनींना नमस्कार. छोट्याला सांग, इथे मोठं तारांगण आहे, त्याच्यासाठी ग्रहांची चित्रं घेतलीत.

तुमची,
चिमी