केरळात गाव संपतच नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या डिसेंबरात आम्ही घरची पाच माणसं कोकण रेल्वेनं केरळला जाऊन आलो, आणि परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, हाऊसबोट कशी होती. हाऊसबोट छान होती. पण माझ्या डोक्यात बसलंय ते वेगळंच, म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

केरळच्या उत्तर टोकाचं कासरगोड आलं तसा मी खिडकीशी बसलो. आता एक गाव संपेल, मग मोकळं रान लागेल, मग दुसरं गाव येईल, आपल्याला सवय असते ना तशी वाट बघत होतो आणि ते काही होईना. नारळ, फणस, फणसावर चढवलेली मिरी, मध्ये घर, बाजूला विहीर, कुंपण, आणि कुंपणापलीकडे लगेच दुसऱ्याचं परसू. तासन् तास तेच. २०११ च्या जनगणनेत केरळची लोकसंख्या ३ कोटी ३४ लाख होती आणि राज्याचं क्षेत्रफळ आहे ३८,८६३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण आठवा हिस्सा. एका चौरस किलोमीटरला ८६० माणसं, आपल्याकडे ३६५. त्यात पूर्वेला सह्याद्रीचे डोंगर आणि जंगल, पश्चिमेला साधारण ५९० किलोमीटर किनारा, म्हणजे राहायला उरते ती मधली पट्टी. नद्या ४४ आणि पाऊस भरपूर, त्यामुळे एका पाणवठ्याभोवती दाटीनं गाव वसवायची गरजच पडली नाही, ज्यानं त्यानं आपल्या परड्यात विहीर खणली आणि तिथंच घर बांधलं. कोकणातल्या वाड्या आठवा, फक्त दोन वाड्यांमधली जागा भरून टाका.

इतिहास म्हटलं की आपल्याला १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला एवढंच शाळेत शिकवलंय. सामुद्रींचे, म्हणजे कालिकतच्या राजांचे, आरमारप्रमुख कुंजाली मरक्कार (एकामागून एक चौघे) पोर्तुगीजांशी शंभर वर्षं लढले आणि शेवटच्या कुंजालीला १६०० साली गोव्यात नेऊन मारलं, १७४१ मध्ये दक्षिणेकडच्या त्रावणकोर संस्थानच्या राजानं, मार्तंड वर्म्यानं, कोळच्चलला डचांना हरवलं, हे आंग्र्यांचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या लोकांना माहीत असायला हवं. पण मला सांगायचंय ते रस्त्याबद्दल.

इतकी माणसं एकमेकांना खेटून राहतात म्हटल्यावर रस्ता सगळ्यांचाच असणार असं आपण धरून चालतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तो नव्हता. कुणी कुणापासून किती पावलं लांब थांबायचं हे जातीनं ठरलेलं होतं, आणि खालच्या मानलेल्या जातींना कित्येक रस्त्यांवर पाऊल ठेवायची बंदी. १८९३ साली अय्यंकाळी नावाचा, अस्पृश्य मानलेल्या पुलया समाजातला तरुण पांढरे कपडे आणि डोक्याला फेटा बांधून बैलगाडीत बसला आणि गाडी सरळ त्या बंदीच्या रस्त्यानं हाकली. मारामाऱ्या झाल्या, तो मागे हटला नाही. पुढे आमची पोरं शाळेत घेत नसाल तर आम्ही तुमच्या शेतात उतरणार नाही म्हणून त्यानं शेतमजुरांचा संप घडवून आणला. स्वतः त्याला अक्षरओळख नव्हती, हे वाचल्यावर मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

मग १९२४ चा, त्रावणकोरमधल्या वैक्कम गावातल्या शिवमंदिराजवळचा सत्याग्रह. मागणी मंदिरात शिरायची सुद्धा नव्हती, फक्त मंदिराभोवतीच्या रस्त्यावरून चालू द्या. ३० मार्चला सुरू झाला आणि वीस महिने चालला. त्याच वर्षी जुलैत केरळात महापूर आला, त्यांच्या पंचांगाचं वर्ष १०९९ म्हणून तिथले लोक अजूनही त्याला नव्व्याण्णवचा पूर म्हणतात, आणि त्या पुरात सत्याग्रही पोलिसांच्या कठड्यासमोर पाण्यात उभे राहिले, पाळी संपली की पुढचे येऊन उभे राहायचे. शेवटी तीन बाजूंचे रस्ते उघडले, चौथा नाही. मंदिरप्रवेशाचा जाहीरनामा यायला १९३६ उजाडलं. आपल्याकडे काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० चा, पण नाशिक आणि वैक्कम शेजारी शेजारी ठेवून शिकवलेलं मी तरी कधी पाहिलं नाही.

पुराचं म्हणाल तर २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथं पुन्हा तसाच महापूर आला. कित्येक ठिकाणी सरकारी मदत पोचायच्या आत किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवल्या, त्या चेंगन्नूरसारख्या आतल्या भागात नेल्या आणि रस्त्यांवरून, गल्ल्यांमधून वल्हवत हजारो माणसं बाहेर काढली. ज्यांना एके काळी असल्या घरांच्या जवळपास कुणी फिरकू दिलं नसतं त्या समाजातली ही माणसं. आम्ही चिपळूणकरांनी २०२१ चा पूर अंगावर काढलाय, होडी दिसणं म्हणजे काय असतं ते आम्हाला कुणी सांगायला नको.

तिथली साक्षरता ९४ टक्के आहे हे सगळे सांगतात, पण ती सरकारनं वरून दिली असं समजू नका. १८१७ मध्ये त्रावणकोरच्या राणी गौरी पार्वतीबाईंनी शिक्षणाचा खर्च राज्यानं करावा असा हुकूम काढला हे खरं, तरी सगळ्यांसाठी शाळेचं दार उघडलं ते समाजसुधारक नारायण गुरू, अय्यंकाळी यांच्या रेट्यानं. पी. एन. पणिक्कर यांनी १९४५ साली ४७ वाचनालयं एकत्र आणून ग्रंथालय संघ सुरू केला. आणि कण्णूरकडच्या विड्यांच्या कारखान्यांत बाकीचे विड्या वळत असताना एक जण मोठ्यानं वर्तमानपत्र वाचायचा. आपण वर्तमानपत्र काढता म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आता आपल्या माणसांबद्दल. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोरच्या चौकात पुतळा आहे तो सर टी. माधवराव यांचा, तंजावरकडचे मराठी, त्रावणकोरचे दिवाण, तेच पुढे बडोद्याला सयाजीरावांच्या लहानपणी दिवाण होते. अजून मागे जायचं तर मलबारच्या झाडांवरचा ‘होर्टस मलबारिकस’ हा कोचीच्या डच गव्हर्नरनं करवून घेतलेला बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ, १६७८ पासून आम्स्टरडॅमला छापला गेला, त्यात रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या कोचीतल्या तीन कोकणी वैद्यांचं प्रशस्तिपत्र नागरी लिपीत छापलंय. इट्टी अच्युतन नावाच्या वैद्याचं योगदान त्याहून मोठं. नागरी अक्षरं त्या काळी हॉलंडात छापली गेली, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

सगळं चांगलंच आहे असंही नाही. जमीन कमी आणि माणसं जास्त म्हणून पिढ्यान् पिढ्या लोक बाहेर पडले, आधी मुंबई, मग आखात. आम्ही पाहिलेल्या कितीतरी मोठ्या घरांना कुलूप होतं, काहींत नुसते म्हातारा-म्हातारी. आणि बांधकामावर, हॉटेलात कामाला बंगाल, आसाम, ओडिशाची मुलं. काही जण बाहेर न जाता डोंगरात गेले, १९४० च्या दशकात धान्यटंचाई होती तेव्हा त्रावणकोरमधून कुटुंबंच्या कुटुंबं मलबारच्या डोंगरात, वायनाडमध्ये शेती करायला चढली. त्याच वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ च्या पहाटे मुंडक्कई आणि चूरलमला दरडीखाली गेली. पुण्याच्या माधव गाडगीळांच्या समितीनं २०११ सालीच घाटाबद्दल इशारा दिला होता आणि केरळात त्या अहवालाला कडाडून विरोध झाला. त्या डोंगरातल्या शेतकऱ्याला दोष द्यायला माझी जीभ वळत नाही, त्याला खाली जागा नव्हती, पण घाट तोच आहे, आपल्याकडे तळिये झालं, इर्शाळवाडी झाली.

म्हणून विनंती अशी की आपल्या रविवारच्या पुरवणीत केरळ येतं ते फिरायच्या पानावर, ते थोडं बाजूला ठेवून तिथं कुणाला तरी महिनाभर पाठवा आणि रस्त्याची, वाचनालयांची, डोंगरातल्या शेतकऱ्यांची माहिती नीट लिहून घ्या. आम्ही वाचू.

आपला,
एक जुना वाचक, चिपळूण

ता. क. कुणी वैक्कमला जाणार असेल तर ‘इंडनतुरुत्ती मना’ कुठे आहे ते विचारा, मना म्हणजे नंबुद्री ब्राह्मणांचं घर. १९२५ च्या मार्चमध्ये गांधीजी तिथल्या नंबुद्रींशी बोलायला गेले तेव्हा त्यांना घरात न घेता बाहेर बसवलं होतं. ते घर आता ताडी काढणाऱ्या कामगारांच्या युनियनचं ऑफिस आहे.