हळदीचं दुकान, पाचशे ग्रॅमच्या आत

ता. समुद्रपूर, जि. वर्धा

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

हळद ऑनलाइन विकायला शॉपिफायवर, म्हणजे इंटरनेटवर दुकान मांडून देणाऱ्या सेवेवर, खातं उघडलंस, थीमही (दुकानाची तयार सजावट) पाहते आहेस, असं आईने सांगितलं. 'डॉन' ही फुकटची थीमच राहू दे. विकायची एक हळद, तिला फिरती चित्रं अन् सात रंग कशाला? तो वेळ वजनावर घाल. पुडीमागचे पैसे आपल्याकडे राहतात की कुरिअरवाल्याकडे जातात, ते तिथंच ठरतं.

कुरिअरचा दर बहुतेक ठिकाणी ५०० ग्रॅमच्या टप्प्याने चढतो. तू २५० ग्रॅमच्या दोन पुड्यांचा जोड धरला आहेस. म्हणजे हळदच ५०० ग्रॅम झाली. वर पाऊच, खोका, चिकटपट्टी. काटा ५७५ दाखवतो आणि पैसे एक किलोचे लागतात. पुडी २०० ग्रॅमची कर. दोन पुड्यांची हळद ४००, रिकामे पाऊच २०, खोका नि पट्टी ५५, एकूण ४७५. उरलेले २५ ग्रॅम कशात घालू नकोस, पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो.

काट्यावरच्या वजनाखेरीज खोक्याच्या मापाचंही एक वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारण ५००० ने भागायचं, येतील ते किलो. दोन्हींपैकी जे जास्त, त्याचे पैसे. ३० × २० × १५ चा खोका घेतलास तर आत हळद असो की भुस्सा, तो १.८ किलोचा. १८ × १२ × ८ चा घेतलास तर ०.३५ येतं, मग काट्याचं वजनच चालतं. पाऊचमधली हवा काढल्याशिवाय सील करू नको. खोक्याचं पोट सुटलं की मापही सुटतं.

सीलचं नीट ऐक, कारण तक्रारी इथूनच येतात. भरताना हळदीची बारीक भुकटी पाऊचच्या तोंडाला आतून चिकटते. सीलच्या पट्टीत ती सापडली की तेवढ्या जागी पाऊचचे दोन थर एकमेकांना धरत नाहीत. वरून सील पक्कं दिसतं, पण प्रवासात दाब पडला की हळद झिरपते आणि खोका पिवळा होतो. म्हणून नरसाळ्याची नळी तोंडापासून चार बोटं आत जाईल अशी लावायची, भरून झालं की तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसायचं, मग सील. सील झालेला पाऊच पांढऱ्या कागदावर ठेवून तळव्याने दाबायचा. कागदावर पिवळी रेघ उठली तर पुडी परत उघडायची. सीलिंगचं काम पंख्याखाली करू नका, भुकटी घरभर होते. पाऊच आतून ॲल्युमिनियमचा थर असलेला घे. पारदर्शक पाऊच दुकानात छान दिसतो, पण उजेडाने हळदीचा रंग उतरतो.

शॉपिफायच्या ॲडमिनमध्ये (दुकान चालवायच्या पानावर) प्रत्येक व्हेरियंटचं, म्हणजे मालाच्या प्रत्येक प्रकाराचं, वजन भरायचं विसरू नको. तिथं शून्य राहिलं आणि पोचवणावळ वजनावर लावलेली असली, तर दहा पुड्यांनाही सगळ्यात खालचा दर लागतो. फरक आपल्या खिशातून.

शिपिंग झोनमध्ये, म्हणजे माल कुठे पाठवायचा त्या यादीत, आज अख्ख्या भारतावर खूण केलेली आहे. तो काढून फक्त महाराष्ट्र ठेव. वस्तूंची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर आपल्या राज्यात विकायला जीएसटी नोंदणी लागत नाही. पण राज्याबाहेर माल द्यायचा तर ती सूट नाही, उलाढाल कितीही लहान असो. छिंदवाड्याची मावशी घरचीच वाटते खरी, पण ती मध्य प्रदेशात. नोंदणी झाली की झोन वाढव.

अन्नपदार्थ आहे, तेव्हा एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक आधी. साधी नोंदणी पुरते की परवाना लागतो, ते अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात 'स्वतःच्या वेबसाइटवरून विकणार' असं स्पष्ट सांगून विचार. लेबलवर हा क्रमांक, शाकाहारी हिरवी खूण, बॅच नंबर, तयार केल्याचा महिना व वर्ष, कधीपर्यंत वापरावी, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, ग्रॅममागे किंमत, आपलं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी फोन व ईमेल. 'वायगाव हळद' हे नाव एवढ्यात छापू नको. त्याला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालासाठी कायद्याने राखलेलं आहे, अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद झाल्यावरच लावता येतं. शेत त्याच शिवारात असलं म्हणून भागत नाही.

पैशांचं. शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट भारतात नाही, रेझरपेसारखा गेटवे, म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे आपल्या खात्यात पोचवणारी सेवा, जोडावा लागतो. त्याचे साधारण २ टक्के आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी. बाहेरचा गेटवे वापरला म्हणून बेसिक प्लॅनवर शॉपिफायचे आणखी २ टक्के. २६० रुपयांच्या ऑर्डरीवर ६.१४ आणि ५.२०, म्हणजे ११ रुपये ३४ पैसे गेले. किंमत ठरवताना हे धर, शॉपिफायचं महिन्याचं भाडं वेगळं. गेटवेचा अर्ज बहुधा दोन कारणांनी अडतो. पॅनवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळत नाही, किंवा साइटवर परतावा, पोचवणूक, गोपनीयता, अटी आणि संपर्क ही पानं नसतात. पानं आधी लिही, मग अर्ज कर. मंजुरीनंतर गेटवेचा टेस्ट मोड (खोट्या पैशांची चाचणी) बंद करून लाइव्ह कर, नाहीतर ऑर्डर 'पेड' दिसते आणि खात्यात दमडी येत नाही.

चेकआउटच्या सेटिंगमध्ये फोन नंबर सक्तीचा कर. खेड्यात घर नंबर नसतो, मारोतीच्या देवळामागे एवढाच पत्ता असतो. फोन नसला तर पार्सल तालुक्यावरूनच परत फिरतं. कॅश ऑन डिलिव्हरी सुरुवातीला ठेवूच नको, असं माझं मत. आईचं मत वेगळं आहे. ठेवलीस तर प्रत्येक ऑर्डरीला फोन करून होकार घेतल्यावरच पार्सल बांध. न घेतलेल्या पार्सलचं जाण्याचं भाडं लागतंच, परतीचंही बरेचदा आपल्याच माथी येतं.

डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, बाहेरून घेतलंस, तर विकणाऱ्या कंपनीच्या साइटवर डीएनएसच्या नोंदी (तो पत्ता कुठे उघडायचा ते सांगणाऱ्या) बदलाव्या लागतात. त्याचा ए रेकॉर्ड २३.२२७.३८.६५ वर आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा सीनेम 'शॉप्स.मायशॉपिफाय.कॉम' वर वळव (भरताना इंग्रजी अक्षरं-आकडे). विकणाऱ्या कंपनीने आधीच टाकलेला ए रेकॉर्ड काढून टाक. दोन्ही राहिले तर साइट कधी आपली उघडते, कधी त्यांची जाहिरात. बदल पसरायला ४८ तासांपर्यंत लागतात, तेवढ्यात पुन्हा पुन्हा बदलत बसू नको. प्रॉडक्टचं नाव मराठीत ठेव, पण लिंकचा शेवटचा भाग इंग्रजी अक्षरांत लिही, नाहीतर व्हॉट्सॲपवर टक्क्यांच्या चिन्हांची रांग जाते.

फोटो सकाळी छपरीत काढ, ऊन थेट पडू न देता. मोबाईल पिवळा रंग स्वतःच्या मनाने बदलतो. शेजारी पांढरा कागद ठेव, फोटोत तो पांढराच दिसला तर हळदीचा रंगही खरा.

सगळं झालं की साइट उघडताना विचारला जाणारा पासवर्ड काढून टाक, तुझ्या फोनवरून यूपीआयने एक खरी ऑर्डर टाक आणि पैसे खात्यात उतरेपर्यंत कोणाला लिंक पाठवू नको.

आणि येताना तो स्वयंपाकघरातला वजनकाटा आणू नको. विक्रीसाठी वैधमापन विभागाने तपासून शिक्का मारलेलाच काटा लागतो. वर्ध्याला परवानाधारक दुकानदाराकडे विचारून ठेवतो. पाऊच मात्र नागपूरहून तूच आण, आधी शंभरच.

तुझे,
बाबा