दारात येणारं माणूस पाहिजे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मानसिक आजारावर अख्खं पान आलं, वाचून बरं वाटलं, पण शेवटी सगळं येऊन थांबलं ते 'लक्षणं दिसली की मानसोपचारतज्ज्ञांना भेटा' इथंच. आमच्यासारख्या गावातल्या माणसांचा खरा प्रश्न त्याच्यापुढं सुरू होतो, म्हणून हे पत्र.

माझ्या दादाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, भलतेच संशय येणं असा मनाचा आजार, २००८ पासून. आधी दोन वर्षं देवऋषी, उतारे, नारळ सगळं करून झालं, मग कुठं साताऱ्याला डॉक्टरांना दाखवलं. गोळ्यांनी कानातले आवाज कमी झाले पण दादा काय पहिल्यासारखा झाला नाही, दिवसभर माजघरात पडून, आंघोळीला उठवायचं म्हटलं तरी आई तासभर मागं लागायची, जरा बरं वाटलं की स्वतःच गोळ्या बंद करायचा आणि दोन महिन्यांत परत पहिले पाढे. एसटीनं त्याला घेऊन जायचं म्हणजे घरातल्या एकाचा रोजगार बुडाला, आणि एवढ्या गर्दीत डॉक्टर तरी एका पेशंटला किती वेळ देणार.

आता माझी भाची नर्सिंगला आहे, तिनं मला एक रिसर्च पेपर वाचून समजावून सांगितला. २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला, डॉ. सुदिप्तो चटर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. कोप्सी ट्रायल म्हणतात त्याला, ट्रायल म्हणजे उपचार खरंच उपयोगी पडतात का ते पेशंटचे दोन गट करून तपासणं. ही ट्रायल झाली तामिळनाडू, गोवा आणि आपल्या साताऱ्यात! लेखकांत साताऱ्याचे डॉ. हमीद दाभोलकरही आहेत. आणि झाली कधी तर २००९-१० मध्ये, म्हणजे ज्या वर्षांत आम्ही दादाला घेऊन देवऋषीकडं हेलपाटे घालत होतो नेमकं तेव्हा. हे ऐकून मी त्या रात्री झोपले नाही साहेब.

त्यात केलं काय तर स्किझोफ्रेनियाचे २८२ पेशंट घेतले. ९५ जणांना नेहमीसारखे दवाखान्यातले उपचार, आणि १८७ जणांना तेच उपचार पण शिवाय घरी येणारा कार्यकर्ता. डॉक्टर नाही, तिथलाच दहावीपर्यंत शिकलेला, ट्रेनिंग दिलेला माणूस. तो घरच्यांना आजार समजावून सांगणार, गोळ्या चुकू नयेत म्हणून बघणार, पेशंटला हळूहळू कामाला लावणार, लोक नावं ठेवतात त्याचं काय करायचं ते बोलणार. वर्षानंतर कार्यकर्ता येणाऱ्या गटातल्या पेशंटची लक्षणं आणि रोजच्या कामातलं अडलेपण दोन्ही दुसऱ्या गटापेक्षा कमी झालं. फरक फार मोठा नव्हता आणि तो तामिळनाडूत जास्त दिसला, हेही त्यांनी सरळ लिहिलंय, म्हणून तर माझा त्यावर विश्वास बसला. जिथं सोयीच नाहीत अशा ग्रामीण भागात हे आधी करावं असंही म्हटलंय. याच डॉ. चटर्जींनी आधी मध्य प्रदेशात बडवानीकडं असंच काम केलं होतं, ते २००३ ला छापून आलंय.

मला हे पटायला पेपर लागलाच नसता खरं तर. आमच्या शेजारी एक रिटायर गुरुजी आहेत, ते चार वर्षांपूर्वी रोज संध्याकाळी दादाला हाक मारायला लागले, 'चल रे, डेअरीला दूध घालून येऊ'. पहिले पंधरा दिवस तो उठलाच नाही, गुरुजी ओसरीवर बसून परत जायचे, पण दुसऱ्या दिवशी परत यायचे. आज दादा एकटा किटली घेऊन जातो, गोळी आहे का संपली ते स्वतः सांगतो. पण गुरुजी आता पंच्याहत्तरीला आलेत, आणि प्रत्येक गल्लीत असे गुरुजी कुठून आणायचे?

टीबीच्या पेशंटच्या घरी गोळ्या घेतल्या का विचारायला आशाताई येतातच की. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात घरच्या घरी पुनर्वसनाची आणि कुटुंबाला आधार द्यायची तरतूद आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. मग महिन्यातून दोनदा दारात येणारं एक ट्रेनिंग झालेलं माणूस, त्याला नीट पगार देऊन (आशाताईंवरच आणखी एक ओझं टाकून नव्हे), एवढं प्रत्येक तालुक्यात का होऊ नये? आणि तुम्हाला हात जोडून विनंती, साताऱ्यात झालेलं हे काम साध्या मराठीत एकदा छापा, ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना कळू द्या.

माझं नाव मात्र छापू नका. दादाला विचारलं तर तो म्हणाला, डेअरीत सगळे पेपर वाचतात.

आपली एक वाचक,
ता. कोरेगाव, जि. सातारा