सत्तेचाळिसाव्या मिनिटाला काटा येतो

ती. बाबा आणि सौ. आई,
शि. सा. न.

सोबत पेनड्राइव्ह आहे. फोनवर सांगायला गेले की बाबा ‘बरं बरं, जेवलीस का’ म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, म्हणून या वेळी कागदावर.

ऊसतोडीवरची फिल्म एकदाची उभी राहिली. अजून रफ कटच आहे, रंगांचं आणि आवाजाचं काम व्हायचंय. त्यामुळे मध्येच खरखर आली तर टीव्हीला थापट्या मारू नका. १४० तासांच्या फुटेजमधून ७९ मिनिटं उरलीत. शूटिंग दोन हंगामांचं, आणि त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी एडिटला बसले होते. ‘अजून किती?’ असं तुम्ही विचारायचात ना, त्याचं उत्तर मला तेव्हा खरंच माहीत नसायचं.

बाबा, दादाच्या लग्नात तुम्ही मामाला म्हणालात, ‘सध्या डॉक्युमेंट्री करते, पुढं खरा सिनेमाही करेल.’ मी ऐकलं होतं. तुमचा दोष नाही. थेटरात सिनेमाच्या आधी फिल्म्स डिव्हिजनची रिळं सक्तीने दाखवायचे आणि तुम्ही सगळे तेवढ्यात बाहेर चहा मारून यायचात, हे तुम्हीच सांगितलंय. पण एक गोष्ट तुम्हाला आवडेल. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याच्या १४ वर्षं आधी, १८९९ मध्ये, सावेदादा भाटवडेकरांनी विलायतेहून मागवलेल्या कॅमेऱ्याने मुंबईत हँगिंग गार्डनला चित्रण केलं. कशाचं? कुस्तीचं! तेव्हा आमची जमात आधीची, आणि ती तुमच्याच आखाड्यातून निघालेली.

माझा रस्ता सरळ नव्हता, हे कबूल. इंजिनिअरिंग, हिंजवडीतली दोन वर्षं, मग एकदम पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटला संकलन. एवढं शिकून लग्नाचे व्हिडिओ का कापत बसली, असं आईला वाटायचं. भाडं द्यायला, आई. लग्नं, कंपन्यांच्या एव्ही, एका मालिकेच्या रात्रपाळ्या. त्यातून उरलेल्या पैशात सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि २०१९ च्या हंगामात बीडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळीमागे निघाले.

फड आपल्या घरापासून आठ किलोमीटरवर, आणि मी झोपायला मजुरांच्या कोपीत, म्हणजे पाल्याच्या झोपडीत. त्यावरून आई दोन आठवडे बोलली नव्हती. अगं, कोयते पहाटे चारला चालू होतात. घरून निघून पोचेपर्यंत अर्धा फड आडवा झालेला असतो. आणि कॅमेरा घेऊन सकाळी येऊन संध्याकाळी जाणारा माणूस त्यांच्या लेखी बातमीवालाच. त्या वर्षी बीडच्या बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनच्या बातम्या गाजत होत्या. पहिल्याच दिवशी जिच्या कोपीत उतरले ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘तुमाला बी पिशवीचंच इचारायचंय का?’ मी कॅमेरा बॅगेत ठेवला आणि आठवडाभर काढला नाही. मोळ्या बांधायला शिकले, हातांना पाचटाने चरे पडले. आठव्या दिवशी तीच म्हणाली, ‘ते डबडं काडा की आता, का निस्तं वझं आणलंय?’

त्यानंतरही बरंचसं वाया गेलं. ब्लाउजला लावलेल्या माइकवर पदराची सळसळ. ट्रकच्या फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन चढताना तिचा श्वास ऐकू यावा म्हणून तोच शॉट नऊ दिवस घेतला, जमला एकदाच. मार्चमध्ये लॉकडाउन लागला. टोळ्या फडातच अडकल्या, एप्रिलमध्ये परवानगी मिळाल्यावर गावी गेल्या. ते दिवस फिल्ममध्ये फक्त सहा मिनिटं आहेत.

एडिट जुळत आल्यावर लॅपटॉप घेऊन तिच्या गावी गेले. तिने सगळं पाहिलं, हसली, रडली, आणि एक प्रसंग काढायला सांगितला: उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडण्यावरून नवऱ्याचं टोळीच्या मुकादमाशी झालेलं भांडण. माझ्या मते तोच फिल्मचा कणा होता. पण पुढच्या वर्षीची उचल त्याच मुकादमाकडून घ्यायची होती, आणि ती फेडायला अख्खा कोयता, म्हणजे नवरा-बायको दोघं, पुन्हा फडात जाणार होता. मी रात्रभर रडले आणि सकाळी प्रसंग काढला. पुढचे पाच महिने त्या भोकाभोवती फिल्म पुन्हा बांधण्यात गेले.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला काटा येतो.

बाबा, तुम्ही ३१ वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढलीत. हा तुमचा कारखाना नाही, पण खोली तशीच आहे. तशीच खिडकी, कागद सरकवायची तशीच फट. गाडी काट्यावर उभी आहे, ती गाडीला टेकून कॅमेऱ्याकडे न बघता म्हणते, ‘आमाला कुटं आकडा वाचता येतोय? कागद देतेत तेवढंच खरं.’ एवढंच. पहिल्या कटमध्ये त्या वाक्यानंतर मी खिडकीतल्या पोराचा चेहरा लावला होता. तो नजर चुकवतोय असं वाटत होतं. बघणारे सगळे म्हणाले, जबरदस्त. पण तो शॉट दुसऱ्या दिवशीचा होता, आणि वाऱ्याने बगॅसचा भुसा उडून आला म्हणून त्याने मान वळवली होती. मी तिथे होते, मला माहीत होतं. दोन शॉट शेजारी ठेवले की एका निरपराध पोराचा चोर होतो, आणि मी कुठेही खोटं बोललेली नसते. तो चेहरा काढून टाकला. आता तिच्या वाक्यानंतर फक्त आकडा दिसतो आणि गाडी पुढे जाते.

आधी मी रिकाम्या गाडीचा काटा आधी आणि भरलेल्याचा नंतर लावला होता. मुंबईत कुणाच्या लक्षात आलं नाही. तुम्ही खुर्चीतून उठला असतात. तेही दुरुस्त केलंय: भरलेली आधी, रिकामी नंतर.

तिचं वाक्य मात्र ठेवलंय. तुम्हाला लागेल, हे माहीत आहे. तरी काढणार नाही, म्हणून आधीच सांगते आहे.

एक काम करा. वही-पेन घेऊन बसा, आणि जिथे जिथे चहाला उठावंसं वाटेल तिथला मिनिट लिहून ठेवा. नावं ठेवायला लाजू नका, मला त्याच कागदाची गरज आहे. सत्तेचाळिसाव्याला पुढे ढकलू नका.

आणि एक विचारायचंय. लहानपणी मी डबा घेऊन काट्यावर यायचे, तेव्हा तुम्ही गाडीवानाला कागद देताना आकडा मोठ्याने वाचून दाखवायचात का? मला खिडकी आठवते, तुमचा स्वेटर आठवतो, मळीचा वास आठवतो. आवाज काही केल्या आठवत नाही. कळवा.

तुमची,
बेबी

ता. क. आई, अबोला धरलेला असतानाही तू दादाबरोबर साड्यांचं गाठोडं पाठवलं होतंस. बाराव्या मिनिटाला गाडीखाली बाळाची झोळी बांधलेली दिसेल. ते तुझं मोरपंखी जुनेर आहे.